हॉस्कीमामाचे पाच महिने

माझा मामा हॉस्की पेशलकाई कशाला भीत नाही, असं टोहाचीच्या वरच्या आमच्या आदिवासी वस्तीत सगळे म्हणायचे. मला ते कधीच पटलं नाही. रेल्वेच्या पेन्शन कार्यालयातून आलेला लिफाफा जो माणूस जूनपासून फेब्रुवारीपर्यंत खोगिराखाली दडपून ठेवतो, त्याला शूर कोण म्हणेल?

पण लिफाफ्याचं नंतर सांगते. आधी कानाचं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी त्याच्या अंगणात पिकअप मागे घेत होते. आरशात मामा दिसला. पाठमोरा उभा राहून मेंढ्यांसाठी गवताची पेंढी सोडवत होता. मी भोंगा दिला. तो हलला नाही. पुन्हा दिला, दाबूनच धरला. कुत्रा पळाला, मेंढ्या कुंपणाला जाऊन भिडल्या, आणि मामा आपला निवांत दोरीची गाठ सोडवतोय. मी कसाबसा ब्रेक दाबला तेव्हा गाडीची फळी त्याच्या कोटाला टेकली होती. तो वळला आणि मला बघून हसला.

"काय गं वर्ना, मेंढी चोरायला आलीस? एवढी गुपचूप?"

मी खाली उतरले आणि त्याच्यावर ओरडले, रडले, पुन्हा ओरडले. तो माझ्या ओठांकडे बघत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, गेली दोन-तीन वर्षं हा माणूस समोरच्याच्या ओठांकडेच बघत बोलतो.

"उजवा पार गेलाय," तो म्हणाला. "डावा आहे थोडा. मामीला सांगू नकोस. गँगमध्ये तर कुणालाच नको. घरी बसवतील."

मामा रेल्वेच्या गँगमध्ये होता. आमच्याकडची निम्मी माणसं जायची तशीच. मार्चमध्ये जवळच्या गॅलप शहरातून बस सुटायची आणि थंडी पडेपर्यंत ती माणसं कॅन्सस नाहीतर कॅलिफोर्नियाकडे रूळ बदलत राहायची. एका रुळावर काम चालू असतं आणि शेजारच्या रुळावरून गाड्या धावत असतात. गाडी आली की पहारेकरी भोंगा वाजवतो आणि सगळे बाजूला होतात. भोंगा ऐकू आला नाही तर काय होतं, ते आमच्या घराला नवं नव्हतं. मामाचा मावसभाऊ तसाच गेला होता, बर्फाच्या वाऱ्यात. आमच्यात मावसभाऊ म्हणजे सख्खा भाऊच, आणि आमच्यात गेलेल्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो वळून बघतो. म्हणून मीही इथे त्याला नुसतं थोरला म्हणते.

"या मार्चला तू जायचं नाहीस," मी मामाला बजावलं. "तुझी तीस वर्षं भरली ना? ऑगस्टमध्ये साठ लागतील. पूर्ण पेन्शन बसेल. बस झालं."

"भरलीत. माझ्या हिशेबाने भरलीत."

"मग?"

तेव्हा त्याने खोगीर उचललं आणि लिफाफा काढला. आकडा बरोबर निघाला तर सुटका, कमी निघाला तर पुन्हा रुळावर, म्हणून त्याला तो फोडायचा धीर झाला नव्हता. आता माझाही होईना. लॉरेटामामीच्या स्वयंपाकघरात बसून शेवटी मीच फोडला. कुठल्या वर्षी किती महिने काम केलं, सगळं ओळीने छापलेलं होतं. मी गेल्या वर्षीचे महिने त्यात मिळवले, मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मामी मटणाच्या रश्श्यात मीठ टाकायचं सोडून माझ्या पेन्सिलीकडे बघत उभी.

"पाच महिने कमी आहेत," मी म्हटलं.

मला वाटलं मामा भांडेल, कंपनीला शिव्या घालेल. त्याने कागद घडी घालून ठेवला. त्याला ते पाच महिने कुठले ते ठाऊक होतं.

ते असं झालं होतं. अडतीस वर्षांपूर्वी मामा रेल्वेत नव्हता, थोरला होता. त्या मे महिन्यात थोरला सुटीवर घरी आला असताना त्याची आई आजारी पडली, ती बरी व्हावी म्हणून विधी मांडला गेला, आणि ती उठेपर्यंत मुलाने हलायचं नाही असं ठरलं. पण परतीच्या बसवर माणूस हजर झाला नाही तर पुढच्या वर्षी त्याला घेत नसत. मग घरच्यांनी धाकट्या हॉस्कीच्या हातात थोरल्याचं कार्ड दिलं आणि त्याला बसमध्ये चढवलं. यात काही लबाडी आहे असं कुणाला वाटलंही नाही. भाऊ अडला, भाऊ गेला. मुकादमाला तर आम्ही सगळे एकाच तोंडवळ्याचे. अख्खा उन्हाळा मामाने थोरल्याच्या नावाने हजेरी दिली. महिने लागले थोरल्याच्या खात्यावर.

"रोज सकाळी मुकादम त्याचं नाव पुकारायचा आणि मी ओ द्यायचो," मामा म्हणाला. त्याचा आवाज एवढा खाली गेला की मामी जवळ सरकली. "मग ते नाव गाडीखाली गेलं. मी विचार करतो, मरण शोधत आलं होतं ते कुणाला? ओ देणारा तर मीच होतो."

मामीने चुलीचं दार उघडून उगाचच लाकूड सारलं.

"बरं, आता ते साहेबाला सांग म्हणजे झालं," ती म्हणाली.

"सांगायचं म्हणजे नाव घ्यावं लागेल."

"मग घे! नाहीतर जा रूळ उचलायला. एवढा बाप्या माणूस, एका नावाला घाबरतो!"

तिला कानाचं माहीत नव्हतं, म्हणून ती अशी बोलू शकली. मी ओठ दाबून बसले. माझ्यासारखीला ते किती जड जातं ते माझी माणसं सांगतील.

पेन्शनचा साहेब महिन्यातून एकदा गॅलपला येऊन बसायचा. होल्कम त्याचं नाव. उंच, वाकलेला, सर्दी झालेला. मी दुभाषी म्हणून मामाच्या डाव्या अंगाला बसले. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

होल्कमने सगळं नीट ऐकून घेतलं. "एरवी चार वर्षांहून जुन्या नोंदीला आम्ही हात लावत नाही," तो म्हणाला. "पण महिने चुकीच्या माणसाच्या खात्यावर गेले असतील तर गोष्ट वेगळी. मग ते कितीही जुने असोत. त्या माणसाचं नाव लिहा, तुम्ही कसे गेलात ते लिहा, आणि ज्याला हे माहीत आहे अशा कुणाची तरी साक्ष आणा. मी तपासायला पाठवतो."

मी एवढी हरखले की निम्मं भाषांतर इंग्रजीतच केलं. होल्कमने कागद पुढे सरकवला. मामाने पेन उचललं. आणि थांबला.

"त्यांना नाव घेता येत नाही," मी साहेबाला म्हटलं. "गेलेल्या माणसाचं."

"बोलू नका, नुसतं लिहा," तो समजुतीने म्हणाला. "किंवा तुम्ही लिहा, ते सही करतील."

मामाने मला थांबवलं. "त्याला विचार, विधवेला पेन्शन बसायला नवऱ्याची किती वर्षं लागतात?"

मला कळेना हे मध्येच काय. पण विचारलं. होल्कम म्हणाला, दहा. दहा भरलेली हवीत.

मामाची नजर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर गेली. त्याची बोटं टोपीच्या काठावर एकेक करून सरकत होती. एक हंगाम, दुसरा हंगाम, मधला एक सोडून तिसरा. काठाच्या शेवटी येऊन बोटं थांबली. मग त्याने पेन खाली ठेवलं.

"त्याला म्हण, माझी मोजण्यात चूक झाली. त्या उन्हाळ्यात मी घरीच होतो."

"मामा!"

"म्हण."

मी म्हटलं. होल्कमने मामाकडे पाहिलं, नाक पुसलं आणि कागद परत फाइलीत घातला. वर म्हणाला, "तुमच्या मामांना सांगा, महिन्यात एक दिवस काम केलं तरी तो महिना पूर्ण धरतात." हे मामाला माहीत होतं. रेल्वेतल्या सगळ्यांनाच असतं.

गाडीत बसताच मी फुटले. "एका नावासाठी? मरायला जाणार आहेस एका नावासाठी? मी काय सांगू मामीला? साठ वर्षांचा घोडा आणि भुताला भितो!"

मामाने माझं सगळं ऐकून घेतलं, किंवा पाहून घेतलं म्हणा. मग समोरच्या काचेकडे बघत त्याने थोरल्याचं नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट.

माझं स्टिअरिंग सुटलं. मी गाडी कडेला घेतली आणि काच वर केली, जणू काही आत यायचं होतं ते अजून बाहेरच असेल.

"भीती वाटते मला," मामा म्हणाला. त्याचे दातसुद्धा वाजत होते. "रोज वाटते. पण म्हणून सही केली नाही असं नाही. त्याचे सगळे हंगाम मी पाहिलेत, वर्ना. दहा वर्षांच्या वर दोनच महिने आहेत त्याचे. मी माझे पाच काढून घेतले तर आयडाचं काय राहील?"

आयडा म्हणजे थोरल्याची बायको. धरणाखालच्या पांढऱ्या घरात एकटी राहते, डोळ्यांनी अधू, आणि त्या पेन्शनवरच तिचं सगळं चालतं. मी नुकतंच तिच्यासाठी लाकूड नेलं होतं.

"तिला सांगू नकोस. मामीलाही नको. घाबरला म्हणून लिहिलं नाही, असंच सांग. खोटं कुठे आहे?"

"आणि कान? पाच महिने तू..."

"पाच दिवस. महिन्याची शेवटची तारीख आणि पुढच्या महिन्याची पहिली, अशी गाठली की एका फेरीत दोन महिने. तीन फेऱ्यांचं काम. बाकी दिवस माझी पाठ दुखेल." तो हसायला गेला, पण ते हसू काही धड जमलं नाही.

पाच दिवस. ऐकायला किती थोडे वाटतात. त्या दिवसापासून मला झोपेत गाडीचा भोंगा ऐकू यायला लागला, आणि स्वप्नात मामा नेहमी पाठमोरा असायचा.

वस्तीत बातमी पसरली. नाव घ्यायला घाबरून हॉस्कीने हातची पेन्शन घालवली, अशी. मामी तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "आमच्या घरी नवीन मेंढी आलीय, टोपी घालते!" लोक हसायचे, मामाही हसायचा. एकदा आयडाच त्याला म्हणाली, "अरे, माझ्या नवऱ्याला तू एवढा का भितोस? तो तर तुझ्यावर जीव टाकायचा." मामा मान खाली घालून कॉफी पीत राहिला. मला उठून बाहेर जावं लागलं.

मार्चच्या तिसाव्या दिवशी मी त्याला गॅलपच्या बसवर सोडायला गेले. गार वारा सुटला होता. गँगची माणसं पिशव्या घेऊन उभी होती आणि त्यांची थट्टामस्करी चालू होती. थोरल्याचा मुलगा अल्विनही त्यांच्यात होता. आता चाळिशीला आलेला, पोट सुटलेला, बापासारखाच रुंद.

"या, या, काका!" तो ओरडला. "मी माझं नाव सांगू का, का पळून जाल?"

सगळे हसले. मामा बसमध्ये चढला. माझ्याच्याने राहवेना. आयडाचं गुपित मी सांगू शकत नव्हते, पण मामाच्या जिवावर बेतलेलं असताना गप्पही बसू शकत नव्हते. मी अल्विनला बाही धरून बसच्या मागे ओढलं.

"ऐक. कुणाला बोलशील तर बघ. मामाचा उजवा कान गेलाय. भोंगा ऐकू येत नाही त्याला. तू..."

मी त्याची बाही आणखी घट्ट धरली.

अल्विनचं हसू गेलं. त्याने आधी बसच्या खिडकीकडे पाहिलं, मामा आपल्याकडे बघत नाही ना याची खात्री केली.

"वर्ना, तीन वर्षं झाली. मी त्याच्या उजव्या बाजूलाच असतो. भोंगा झाला की खांद्याला धक्का देतो आणि म्हणतो, सरक म्हाताऱ्या, मला थुंकायचंय. त्याला वाटतं मी उद्धट आहे."

"त्याला माहीत नाही?"

"कळलं तर दुसरीकडे जाऊन उभा राहील. तू पण सांगू नकोस."

ड्रायव्हरने इंजीन सुरू केलं. अल्विन पिशवी खांद्याला टाकून चढला. खिडकीतून मला दिसत होतं, मामाच्या उजवीकडच्या जागेवर कुणीतरी बसलं होतं. अल्विनने त्या माणसाला उठवलं आणि स्वतः तिथे बसला. मामा काहीतरी करवादला, बहुतेक केवढा पसरतोस म्हणून.

बस वळणाआड जाईपर्यंत मी उभी होते. मग घरी येऊन फोनजवळ खुर्ची ओढली, कारण पहिला दिवस उद्याचा होता.