शेजाऱ्यांची बोलणी

चाचा चहा अर्धा कप द्यायचे. पाहुणा कितीही मोठा असो, कप भरायचा नाही. पनवेलच्या त्या मोहल्ल्यात लोक त्यांना तोंडावर कुवेतवाले म्हणायचे आणि पाठीमागे अर्धे चाचा. "तेलाच्या विहिरीवर राहून आला, पण हात काय सुटला नाय," असं शेजारचा बेकरीवाला मला पहिल्याच आठवड्यात सांगून गेला.

मला तर त्या अर्ध्या कपानं रडूच आलं होतं. सातवीतून शाळा सुटली, लग्न झालं आणि मी परभणीकडून थेट इथं येऊन पडले. नवरा तळोज्याच्या केमिकल कंपनीत पाळीवर, त्याच्या कपड्यांना येणारा वास सोडला तर घरात माझ्या सोबतीला काही नसे. चाचांची वरची खोली आम्ही भाड्यानं घेतली त्या दिवशी त्यांनी मला चहाला बोलावलं आणि कपात जेमतेम दोन घोट ओतले. आमच्याकडं चहा बशीत सांडल्याशिवाय पाहुण्याचं मन भरत नाही. वाटलं, ह्यांना आपण नको आहोत, उद्या सामान उचला म्हणतील. पण मी कप खाली ठेवायच्या आत त्यांनी परत थोडा ओतला. मग परत. शेवटी मी कपावर हात धरला तेव्हा ते हसले. "पोरी, भरलेला कप म्हंजे पी आनि जा. थोडा दिला म्हंजे बस, अजून हाय."

ही रीत तिकडची. कुवेतमध्ये एका सरकारी पाहुणेघरात चाचा बरीच वर्षं गहवा वाढायचे. गहवा म्हणजे त्यांची वेलदोड्याची कॉफी. आजूबाजूच्या मुलखांतले लोक तिथं बोलणी करायला यायचे. कुणाची सरहद्द, कुणाची विहीर, कुणाचं बंदर. डाव्या हातात सुरई, उजव्या हातात कप घेऊन चाचा भिंतीला टेकून उभे राहायचे, आणि पाहुण्यानं कप हलवून परत दिला की समजायचं, पुरे. गोष्टी त्यांच्या कानावर पडायच्या, पण त्या घराबाहेर कधी नेल्या नाहीत, असं ते मानेला ताठा आणून सांगत. एवढं मात्र म्हणत, "शेजारी भांडतात तवर ठीक. गप झाले की मग भ्यायचं."

मी आले तोवर इराकनं कुवेतवर केलेली लढाई संपून काही वर्षं झाली होती. कुवेत परत बांधून काढत होते. आमच्या गल्लीतले दोन वेल्डर त्याच कामावर गेले होते आणि तिथल्या नव्या पुलांचे फोटो पाठवत होते. चाचांना त्या पुलांचं काही नव्हतं. त्यांना एकच बातमी हवी असायची, कुवेत आणि इराक एकमेकांशी बोलायला बसले का.

चाचा उर्दू शाळेत शिकलेले, मराठी पेपर त्यांना वाचता येत नसे. चाचींना डोळ्यानं दिसत नसे. नफिसाभाभी, म्हणजे चाचांच्या धाकट्या भावाची बायको, वाचू शकायची. पण ती पेपरला हात लावत नसे. मग ते काम माझ्याकडे आलं. दुपारची भांडी झाली की मी खाली उतरायची आणि आतल्या पानावरची, जाहिरातींच्या मध्ये चेंगरलेली चार ओळींची बातमी शोधायची. सुरुवातीला अडखळायची. 'शिष्टमंडळ' हा शब्द मी तीनदा मोडला. चाचा कधी हसले नाहीत. उलट मला अर्थ तेच सांगायचे.

"खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली," मी वाचायची.

"म्हंजे काय ठरलं नाय."

"परखडपणे मतं मांडली."

"म्हंजे भांडले. ते चांगलं हाय. फुडं वाच."

ते एवढे जीव लावून का ऐकतात, हे मला नफिसाभाभीनं सांगितलं. आम्ही दोघी गच्चीवर सुकट पसरत होतो. तिचा नवरा युसूफ कुवेतहून लॉरी घेऊन बसऱ्याला जायचा. लग्न करून, काही महिने राहून, तो तिकडे परत गेला. नंतरच्या उन्हाळ्यात तो माल घेऊन बसऱ्याच्या रस्त्याला लागला आणि त्याच आठवड्यात इराकचे रणगाडे समोरून आले. लॉरीही मिळाली नाही, माणूसही नाही. चाचा बाकीच्या हिंदुस्तानी लोकांबरोबर बसमधून बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या वाळवंटातले तंबू असे करत घरी आले. बस जिथं थांबेल तिथं ते उतरायचे आणि उभ्या लॉऱ्यांच्या रांगेतून 'युसूफ, युसूफ' अशा हाका मारत फिरायचे. बसमधली माणसं चिडायची. एका ठिकाणी त्यांना सोडूनच निघाले होते.

पुढचं चाचांनी स्वतः सांगितलं, एकदाच. लढाईच्या आधीच्या त्या दिवसांत इराकची काही माणसं पाहुणेघरात आली होती. मोठी कुणी नव्हती, कागदपत्रं घेऊन येणारी. दिवसभर बोलणी चालली. चाचांचे पाय दुखत होते, मनात युसूफच्या सफरीचा विचार होता, आणि हात आपल्या पनवेलच्या वळणावर गेला. आपल्याकडे पाहुण्याला भरून द्यायचं असतं, तसा त्यांनी एका पाहुण्याचा कप काठोकाठ भरला. त्यानं कपाकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं, कप तसाच खाली ठेवला आणि उठला. त्याच्या मागून बाकीचे उठले.

"चाचा, कपानं लढाया होत नाहीत," मी म्हटलं.

"म्हाईत हाय ना. तेलानं होतात, पैशानं होतात. दुनियेला म्हाईत हाय." मग आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाले, "पन ह्या हाताला कोन सांगनार?"

मी घाबरट बाई. त्या दिवसापासून पेपर उघडायच्या आधी मी देवाचं नाव घ्यायची. दोन्ही देशांची माणसं तिसऱ्या कुणाच्या मध्यस्थीनं हरवलेल्या लोकांबद्दल बोलायला बसतात, असं मधूनमधून यायचं. चाचा उठून बसायचे. पण पुढे वाचलं की कळायचं, कुवेत आपली माणसं विचारतंय, इराक म्हणतंय आमच्याकडे नाहीत, आणि पुढच्या बैठकीला भेटू. युसूफभाई ना ह्यांचे, ना त्यांचे. "पनवेलचा मानूस कुनाच्या मोजनीत?" असं एकदा चाचा बोलून गेले आणि मग दोन दिवस पेपर ऐकायला आलेच नाहीत.

त्याच सुमाराला उरणहून नफिसाभाभीला मागणी आली. माणूस बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, बायको वारलेली, स्वभावानं शांत. मौलवीसाहेबांचं म्हणणं होतं, हरवलेल्या नवऱ्याची वाट पाहायची मुदत केव्हाच संपली. घरच्या थोरल्यानं तो गेला असं मानलं की पुढचा रस्ता मोकळा आहे. घरातला थोरला म्हणजे चाचा. आणि चाचा म्हणत, "फुडच्या बैठकीपर्यंत थांबा."

चाचींनी दोनदा विषय काढला, दोनदा चाचा उठून गेले. मग चाची मला म्हणाल्या, तू बोल, तुझं ऐकतील. मी भाडेकरू. ते रागावले असते तर आम्ही कुठं गेलो असतो? पण आजारपणात माझ्या उशाशी बसलेली नफिसाभाभी होती. सासर-माहेर दोन्ही लांब असताना तिनंच मला पेज भरवली होती. मी जीव मुठीत धरून खाली गेले.

योगायोग असा की त्याच दिवशी बातमी होती. मी वाचली. बैठक झाली, प्रगती नाही, दोन्ही बाजूंनी बोलणी चालू ठेवायचं मान्य केलं.

"फुडची कदी?" चाचांनी विचारलं.

"लवकरच, एवढंच लिहिलंय."

"मग लवकरच."

मला बोलायची वेळ आलीच नाही, कारण नफिसाभाभी आतून येऊन दारात उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. चाचांसमोर ती कधी मान वर करून बोलली नव्हती.

"भाईजान, तिकडं सगळं परत उबं राह्यलं म्हनतात," ती म्हणाली. "पूल झाले, दुकानं झाली. मीच तेवढी अजून त्या उन्हाळ्यात हाय."

चाचांनी माझ्या हातातला पेपर घेतला, घडी केली, घडीवर घडी केली. मग चाचींना हाक मारून म्हणाले, टोपी दे, मौलवीसाहेबांकडे जाऊन येतो.

विधवेनं पाळायची चार महिने दहा दिवसांची मुदत पाळून झाली आणि उरणला निकाह लागला. मी बायकांबरोबर पडद्यामागे बसले होते. नफिसाभाभीच्या बाजूनं चाचाच वकील, म्हणजे मुलीची संमती काझींना सांगणारे. मुलगी कोणाची, कुठली, हे ते सांगत गेले, खणखणीत आवाजात. मग काझींनी विचारलं, आधीचा निकाह? तिथं आवाज थांबला. बाहेर मुलं खेळत होती, त्यांचा ओरडा ऐकू येत होता. नफिसाभाभीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. त्या थांबण्यात मला वाटलं, आता हे उठून जाणार.

"मरहूम युसूफची बेवा," चाचा म्हणाले.

तो मेला, ही त्याची विधवा, असं त्या घरातल्या कुणाच्याही तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही एसटीनं परत निघालो. चाची खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. चाचा बराच वेळ उरणच्या माशांबद्दल बोलत राहिले, पापलेट किती महाग झालंय, जेवणात मीठ कमी होतं, नवरदेवाचे हात चांगले कामसू दिसले. खाडी मागे पडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"एवडी वर्सं मला वाटायचं, ते दोगं शेजारी एक दिवस बसतील, बोलतील, आनि मला सांगतील. ते जे सांगतील ते मी ऐकीन. शेवटी मलाच सांगावं लागलं."

चाचा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण ती गाडी मला अजून दिसते. पनवेल स्टँडवर बस लागली, माणसं उतरली, कंडक्टर दोनदा येऊन बघून गेला. मी चाचींना उठवलं. चाचांना उतरा म्हणायचा मला धीर झाला नाही. त्यांचं रडून होईपर्यंत आम्ही दोघी पिशव्या मांडीवर घेऊन रिकाम्या गाडीत बसून राहिलो.