बशीतला चहा

देवपूरच्या अक्कांच्या टपरीवर तो मला रोज दिसायचा. मार्केटात हमाली करायचा. चहा आला की अर्धा बशीत ओतायचा, बशी समोरच्या रिकाम्या बाकावर ठेवायचा आणि हळूच म्हणायचा, “ले, पी ले.” बाकावर कोणी नसायचं. त्याला मात्र तिथे एक माणूस दिसायचा, आणि त्या माणसाची बडबड दिवसभर थांबायची नाही. संध्याकाळी हा पिऊन यायचा.

“दवाखान्यातल्या गोळ्या घे, दारू सोड,” असं ऐकवणारे आम्ही टपरीवर ढिगाने होतो. एकदा तो हसून मला म्हणाला, “भाऊ, गोळी खाधी का आंग जड पडस, गोणी उठत नही. मंग भाकर कोठेन? दारू पिधी का गोणीबी उठस, तोबी गप बसस. पन सकाळले दुप्पट वरडस.”

अक्कांनी उपदेश केलाच नव्हता. त्यांनी मुकादमाला गाठून त्याला बसून गोण्या शिवायचं काम मिळवून दिलं. रोज संध्याकाळी त्याला आधी भाकरी वाढायच्या, मग स्वतःच्या हाताने गोळी द्यायच्या.

परवा त्याने सवयीने अर्धा चहा बशीत ओतला. रिकाम्या बाकाकडे बराच वेळ बघत राहिला. मग बशी माझ्याकडे सरकवली.

“ल्या भाऊ, तुम्हीच पी ल्या. तो आते येत नही.”

शुगरमुळे अक्का मला बिनसाखरेचाच चहा देतात. तो गोडमिट्ट चहा मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.