आखरावर न भरलेली सभा

लाल शाईतला तो कागद मी इतक्यांदा वाचलाय की आजही न बघता लिहून दाखवीन. नवेगाव बांधच्या पुढे, जंगलातल्या एका गावाच्या फाट्यावर एका वनमजुराचं प्रेत सापडलं होतं. कागद त्याच्या सदऱ्याला टाचलेला, खाली जंगलातल्या एका सशस्त्र गटाचं नाव. "आज आखरावर भरलेल्या जनअदालतीत सर्व गावाने हात वर करून या खबऱ्याला मृत्युदंड दिला." आखर म्हणजे चराईला जाण्याआधी गावची गुरं जमतात ते मैदान.

मी तेव्हा सहायक फौजदार होतो. माझं गाव सांगलीकडे, शाळा दहावीनंतर सुटली ती सुटलीच. तपास उपविभागीय पोलीस अधिकारी साहेबांकडे आणि कागदपत्रं माझ्याकडे. माझ्या एखाद्या चुकीच्या ओळीने खटला पडेल ही धास्ती जेवतानाही असायची.

मयत आमचा खबऱ्या नव्हता. तरी गावात कुणी जबाब देईना. बंदुकांपुढे का होईना, हात सगळ्यांनीच वर केले होते. बोललो तर आपणच खुनात अडकू, असं प्रत्येकाला वाटे. मयताच्या बायकोने तर जबाबाऐवजी मलाच विचारलं, "जमादार, माह्या माणसाले गावानं मारलं का? तेवढं सांगा. मले याच गावात राहाचं आहे."

मी जबाबाचा कोरा कागद घेऊन परतलो.

काही महिन्यांनी खबर आली. त्या सशस्त्र गटाच्या दलमचा, म्हणजे तुकडीचा, कमांडर हिवतापाने खंगून कामठ्याच्या बाजूला एका घरी पडून होता. आम्ही साध्या कपड्यांत गेलो आणि भरदुपारी त्याला ताब्यात घेतलं.

चौकशीत तो शांत होता. शिकलेलाही माझ्यापेक्षा जास्त.

"शिक्षा देणारा मैं कौन? जनतेनं दिली. मी फक्त वाचून दाखवली."

"कागद कधी लिहिला?"

"हात वर झाल्यावर. तिथंच बसून."

तीन दिवस तेच उत्तर. वर मला टोमणा, "जमादार, तुम्ही हुकमाचे ताबेदार. आम्ही जनतेचे."

साहेबांनी मला सरकारी वकील मॅडमकडे पाठवलं. त्यांनी खुर्ची दिली आणि जे समजलं नाही ते दोनदा सांगितलं. त्यांचे उपकार मी विसरलो नाही. त्या म्हणाल्या, "जगाचा कायदाही हेच सांगतो. बंदूकधारी सरकारचे असोत वा नसोत, खोटं कोर्ट भरवून माणूस मारला तर तो गुन्हाच, आणि हुकूम देणारा त्यातून सुटत नाही. आपला खटला आपल्याच कायद्याने चालेल. पण हुकूम कुणाचा, ते सिद्ध करा. तुमच्यापुढची कबुली कोर्ट धरणार नाही."

मी पुन्हा मयताच्या बायकोकडे गेलो. तो कागद तिला आजवर कुणी वाचूनच दाखवला नव्हता. मी वाचायला लागलो, तर तिने पहिल्याच ओळीवर थांबवलं.

"आखरावर? आखरावर कायची सभा? त्या दिवशी गायगोधन होता."

"गायगोधन म्हणजे?" मी विचारलं.

"इतकी वर्सं इथं राहून राहिले अन् गायगोधन नाई मालूम? तुमी सांगलीचे सांगलीचेच राहिले."

दिवाळीच्या पाडव्याला गावची सजवलेली गुरं आखरावर आणतात, तिथे पूजा होते, पाय ठेवायला जागा नसते. म्हणून सभा बोडीच्या पारीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, भरवावी लागली होती.

ठाण्यात परतलो. साहेबांची परवानगी घेऊन मीच विचारलं, "सभा तळ्याच्या बांधावर झाली ना?"

"हो."

"कागद तिथंच लिहिलास?"

"किती वेळा सांगू?"

"मग बांधावर बसून आखर कसं लिहिलंस?"

त्याने कागद पाहिला. पाणी मागितलं. मग म्हणाला, "नाव वरून आलं होतं. कागद आदल्या दिवशीच लिहिला." तो राज्याच्या सीमेपलीकडचा. सण त्यालाही माहीत नव्हता, म्हणून सभा आखरावरच होईल असं धरून त्याने लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाव गोळा केलं. मी सांगितलं, तुमचे हात वर जाण्याआधीच निकाल लिहून झाला होता.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "म्हंजे आमी हात खालीच ठेवले असते, तरी?"

"तरीही, बाबाजी."

म्हातारा काठी टेकत उठला. मग तोच म्हणाला, "लिवा माहं नाव." त्याच्यामागून बाकीचे उठले. कमांडरने घडी घातलेला कागद खिशातून काढून आधी त्यावरची शिक्षा वाचली आणि मग हात वर करायला लावले, हे त्यांनी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर सांगितलं. कागदावरचं हस्ताक्षर तज्ज्ञाने कमांडरच्या हस्ताक्षराशी जुळवलं. आरोपपत्रात पहिलं नाव गोळी झाडणाऱ्याचं नव्हतं, वरून नाव पाठवणाऱ्या नेत्याचं होतं. तो अजून फरार आहे, पण कागदावर तो पहिला आहे. कमांडरला जन्मठेप झाली.

खून म्हटला की आम्ही पोलीस विचारतो, गोळी कुणी झाडली? या प्रकरणाने मला शिकवलं की त्याआधी विचारावं, ठरवलं कुणी आणि कधी? आणि हेही शिकवलं, की ज्या मुलखाने आपल्याला भाकरी दिली त्याचे सण तरी आपल्याला माहीत असावेत. निकालपत्रात आखराबद्दल एक परिच्छेद आहे. त्यात माझं नाव नाही, असायचं कारणही नाही. मुलीने मला तो मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा मी तिला तो पुन्हा वाचायला लावला.

निकालाच्या दिवशी साक्षीदारांना न्यायला गावाहून ट्रॅक्टर आला होता. मयताची बायको कोर्टाच्या फाटकाशी एकटीच उभी होती. म्हाताऱ्याने ट्रॉलीतून हाक मारली, "काऊन उभी आहेस? चाल ना घरी." बायकांनी सरकून जागा केली आणि ती वर चढली.