मच्छिंद्रभाऊंचा वर केलेला हात

मंठ्यात मच्छिंद्रभाऊंनी डावा हात वर केला की माणसं श्वास रोखतात. बारशापासून साठीपर्यंत सगळे फोटो स्टँडजवळच्या त्यांच्या स्टुडिओतच काढून घेतलेलं हे गाव. हात खाली येईपर्यंत हलायचं नाही, हे आता लहान लेकरांच्याही अंगात मुरलंय.

हल्ली लोकांना फोटो आणि व्हिडिओ एकाच ठिकाणी हवे असतात. त्यामुळे लग्नं जालन्याच्या मंडळींकडे जाऊ लागली आणि भाऊंनी व्हिडिओचा कॅमेरा घेतला. पहिलं काम मिळालं माझे कॉलेजातले सहकारी धम्मपाल यांच्या थोरल्या मुलीच्या, भावनाच्या लग्नाचं. ते साधलं तर धाकट्या अक्षताचं लग्न आणि पुढे त्यांचा सगळा गोतावळा मिळणार होता. फसलं तर पासपोर्ट फोटोपुरतंच नाव उरणार होतं.

लग्नाच्या दिवशी फोटोचा कॅमेरा भाऊंच्या बायकोकडे, प्रेमलावहिनींकडे होता. पांढऱ्या मांडवातून गाळून आलेलं ऊन दुधासारखं पसरलं होतं. पंचशील झालं, भावनानं हार उचलला आणि भाऊंचा हात सवयीनं वर गेला. हार अधांतरी थांबला. नवरदेव थांबला, टाळ्यांना उठलेले हात थांबले. वारा तेवढा पदरांतून फिरत राहिला. हात खाली आला तसा सगळा मांडव सैलावला. दिवसभर असंच चाललं. भाऊंचा डोळा कॅमेऱ्याला, त्यांच्या काही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत वहिनींनी कॉम्प्युटर लावला.

"अहो, हा व्हिडिओ हाय का फोटो? नवरी हार घालून राह्यली का विकून राह्यली?"

"मंग तिथंच का न्हाई सांगितलं?"

"तुमचा हात वर होता. मी बी थांबल्ते."

लग्न पुन्हा लावता येत नाही. भाऊंनी मला सोबत घेतलं आणि आहे तसा व्हिडिओ धम्मपालांच्या घरी नेला. पडदे ओढले, टीव्ही लागला. माहेरी आलेली भावना पहिल्या दोन मिनिटांतच हसून लोळली.

"मामा, सगळे पुतळेच की! जालन्यावाल्यांनी नाचत आणलं असतं आम्हाला."

भाऊ दाराशीच उभे होते.

पण हळूहळू खोली शांत होत गेली. थांबलेली माणसं थांबलेली नव्हती. नवरीच्या गळ्याशी श्वास हलत होता, कुणाच्या पापणीवर पाणी साचत होतं, हारातली एक पाकळी संथपणे खाली येत होती. आणि हात खाली गेला तरी भाऊंनी कॅमेरा बंद केलेला नव्हता. दर वेळी सगळा मांडव एकदम श्वास सोडत होता, एकमेकांकडे बघत होता, हसत होता. जणू दोनशे माणसं एकाच झोपेतून जागी होत होती.

त्यात धम्मपालांच्या आई चांगुणाबाई होत्या. भिंतीवरच्या प्रत्येक फोटोत ताठ, ओठ मिटलेल्या. पडद्यावर मात्र त्या तोंडाला पदर लावून खांदे हलवत हसत होत्या.

चांगुणाबाई टीव्हीजवळ सरकल्या.

"ही मीच व्हय? मी अशी हासते?"

"अशीच हासतीस, आई," धम्मपाल म्हणाले.

"कुणी सांगितलंच न्हाई कधी." त्यांनी ते पुन्हा लावायला लावलं. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "मच्छिंद्रा, आत ये, बस. अन् धम्मा, अक्षताच्या लग्नाला जालन्याला फोन लावू नको."

भाऊ आत येऊन बसले.