पडद्यावरची थांबलेली ओळ

दुपारचे बारा वाजून गेले होते आणि काळ्या खिडकीतली शेवटची ओळ हलायचं नाव घेत नव्हती.

सर्व्हर भंडाऱ्यात, एका खाजगी दवाखान्यात. मी आंधळगावात, माझ्या घरी. दूरच्या मशीनला हुकूम द्यायच्या या काळ्या खिडकीला आम्ही टर्मिनल म्हणतो. दवाखान्याची डिस्क खराब झाली होती. नवी बसवली होती आणि बॅकअपमधून पेशंटचे जुने रेकॉर्ड परत आणायचं काम मी सकाळी सुरू केलं होतं. एकेक फाइल आली की तिचं नाव पडद्यावर उमटायचं. आता उमटत नव्हतं.

फोनवर रामटेके भाऊ होते. दवाखान्यातले कॉम्प्युटर तेच सांभाळतात.

"सर, कोंढ्याची बाई आहे, सिकलसेलची. रक्त चढवाचं आहे. मागल्या खेपेला तिले रिअ‍ॅक्शन आली होती. कोन्तं रक्त चालत नाही, ते जुन्या रेकॉर्डातच आहे. पिशवी आणून ठेवली, पण डॉक्टर मॅडम रेकॉर्डसाठी थांबून राहिल्या."

"किती वेळ थांबता येईल?"

"मले काय विचारता? ती बाई धापा टाकून राहिली."

एंटर दाबलं, काही नाही. दुसरी खिडकी उघडून तपासलं. सर्व्हर जिवंत होता, पण परत आलेल्या फाइलींचा आकडा मघाशी होता तेवढाच. म्हणजे काम खरोखर अडलं होतं. नागपूरला आमच्या कंपनीच्या साहेबांना फोन लावला.

"रीस्टार्ट मार," ते म्हणाले.

"मधेच बंद केलं तर पहिल्यापासून करावं लागेल, साहेब. संध्याकाळ होईल."

"मग असाच पाहत बसतो का? काय झालं ते दोन ओळीत मेल कर, अन् कर बंद."

मी रामटेके भाऊंना म्हटलं, इथून बंद झालं नाही तर पॉवरचं बटन दाबावं लागेल, बोट ठेवून उभे राहा. ते राहिले. त्यांचा श्वास मला फोनवर ऐकू येत होता.

मेल लिहायला घेतला. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पहिली ओळ लिहिली, कंट्रोल-एस दाबलं. दुसरी लिहिली, पुन्हा कंट्रोल-एस. आणि मी माझ्या डाव्या हाताकडे पाहतच राहिलो.

या कामात येण्याआधी मी तुमसरला लग्नपत्रिका टाइप करायचो. लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून ओळ संपली की सेव्ह. आमच्याकडे टायपिंग शिकलेल्या कोणाचीही बोटं पाहा, हेच करतात. टर्मिनलमध्ये मात्र त्याच बटनांचा अर्थ फार जुना आहे आणि निराळा आहे: पडदा थांबव. पडदा थांबला की त्यावर नावं लिहिणारं कामही थोड्या वेळात अडून बसतं. हे मला पाठ होतं. हाताला नव्हतं; मघाशी त्यानं सवयीनं टर्मिनलमध्येही कंट्रोल-एस दाबलं होतं.

काळ्या खिडकीत गेलो आणि कंट्रोल-क्यू दाबलं. म्हणजे पुढे चालू दे. नावं भराभर पळायला लागली.

"भाऊ, बोट काढा."

"काढलं. चालू झालं का?"

"झालं."

पाऊण तासानं रेकॉर्ड उघडलं. आणून ठेवलेली पिशवी तिला चालणारी नव्हती. ती परत गेली, दुसरी आली. चारच्या सुमारास निरोप आला की रक्त चढून राहिलं, बाई बोलून राहिली. तेव्हा कुठे मी जेवलो.

साहेबांना पाठवलेल्या मेलमध्ये कारण लिहिलं: माझी चूक. मग माझ्याकडच्या प्रत्येक सर्व्हरवर एक ओळीची सेटिंग घातली, कंट्रोल-एसनं पडदा थांबू नये म्हणून. वीस वर्षांची सवय मोडण्यापेक्षा ते सोपं होतं.

रामटेके भाऊंनाही खरं सांगून टाकलं.

"म्हंजे मशीन बरोबर होती," ते म्हणाले. "मंग मले काहून तिच्या बटनावर बोट ठेवून उभं केलं होतं, सर?"

आता कुठे काही अडलं, की आपल्या हातानं शेवटचं काय केलं ते आधी पाहतो. सर्व्हरकडे नंतर.