तीन तासांचं अंतर

नंदू गेल्याचा फोन वसंताने केला, त्याच्या थोरल्या भावाने. पोर्ट ब्लेअरला, कामावरच, हार्ट... तू ये, एवढंच. मी वाकोल्याला पोचलो तेव्हा घरात माणसं जमली होती आणि वसंता मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता.

नंदू आणि मी वाकोल्याच्या एकाच चाळीत वाढलो. तो विमानतळावर वायरलेसच्या कामाला लागला, बदली होत होत अंदमानला गेला आणि तिथलाच झाला. बायको लवकर गेली. एकुलती एक अनघा पार दुसऱ्या टोकाला, लक्षद्वीपला, अगत्तीच्या शाळेत शिकवते. "आमच्या बापलेकीच्या मधे अख्खा हिंदुस्थान आडवा पडलाय रे," म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. तिला भेटायचं तर आधी चेन्नई, मग कोची, मग ते चिमुकलं विमान... तरी जायचाच, डब्यात स्वतः वळलेले बेसनाचे लाडू घेऊन.

त्या दिवशी नंदूचे सहकारी फोनवर वसंताला विनवत होते. मुलगी निघाली आहे, उद्या दुपारपर्यंत पोचेल, इस्पितळात ठेवायची सोय आहे, अग्नी तिच्याच हातून होऊ दे. वसंताने मोबाइल सगळ्यांपुढे फिरवला. कुठल्याशा साइटवर दोन्ही बेटांचे विमानतळ टाकून त्याने उत्तर काढलं होतं: सव्वादोन हजार किलोमीटर, विमानाने तीन तास.

"तीन तासांचो तर प्रवास. सकाळी कळला, अजून पोचूक नाय? येवचाच नसतला तिका."

मी सांगितलं, अरे, हे नकाशावर सरळ रेघ ओढून काढलेलं अंतर आहे, त्या रेघेवरून एकही विमान जात नाही. तर म्हणे, नेटवर लिहिलंय ते खोटं का? जमलेल्यांनी माना डोलावल्या. मला शिसारी आली. मुलीच्या हातून अग्नी नको, हे त्यांच्या पोटातलं. साइट आयती सापडली.

वसंताने थांबू नका म्हणून कळवलं आणि संध्याकाळी तिकडे एका सहकाऱ्याने अग्नी दिला. व्हिडिओ कॉल सगळ्यांना दिसावा म्हणून वसंताने मोबाइल टीव्हीला जोडला होता. चिता पेटत असताना कुणीतरी आवाज वाढवायला सांगितलं. अनघा तेव्हा कोचीच्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघत होती.

बाराव्याला ती वाकोल्याला आली. वसंताने मोबाइलवरची तीच साइट तिच्यापुढे धरली. ती शांतपणे म्हणाली, "काका, यातलं विमान कुठून सुटतं ते दाखवा ना. मला बाबांकडे जायचं होतं." वसंताने मोबाइल खिशात टाकला आणि तो भटजींशी बोलायला लागला.

नंदूची एक खोड होती. लेक प्रवासात असली की ती पोचल्याचा फोन येईपर्यंत हा जेवत नसे. परवा अनघा अगत्तीला परतली, तेव्हा मी ताट झाकून बसलो. फोन आला, "पोचले काका. जेवा आता." ताट पुढे ओढलं, पण घास उतरेना. अग्नीच्या त्या संध्याकाळी, ती कोचीला अडकलेली असताना, वसंताकडे आंघोळी उरकून पिठलंभाताची पंगत बसली होती, आणि पिठलं झकास झालंय म्हणून दोघातिघांनी परत मागून घेतलं होतं.