दुःखाच्या गाण्यावर नाच

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कपडे अल्टर करून देणारं दुकान आहे. ते चालवणारीला सगळे ताईच म्हणतात, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. पँटची कंबर सैल करताना ती गिऱ्हाइकाला कधी ‘वजन वाढलंय’ म्हणत नाही, ‘कापड आटलंय’ म्हणते. त्यामुळे दुकानात गर्दी असते.

ही ताई एका बँडमध्ये बेस गिटार वाजवते. गाणी तिच्या धाकट्या भावाची. तोच गिटार वाजवतो, तोच गातो. ड्रमवर त्यांचा शेजारी, पेशानं प्लंबर. संध्याकाळी दुकान बंद झालं की तिघं तिथंच, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये सराव करायचे.

भावाची गाणी गोड होती. जरा जास्तच गोड. ऐकणारा हनुवटीला हात लावून बसायचा आणि शेवटी सुस्कारा सोडायचा. भावाला तो सुस्कारा म्हणजे शाबासकी वाटायची. ताईचं मात्र दर रविवारी दुपारी नाचाच्या हॉलवर जाणं असायचं. तिथला डीजे एका गाण्यात दुसरं असं मिसळायचा की जोड कुठं आहे ते कळायचं नाही, आणि लोक तासन्‌तास नाचत राहायचे.

पहिला अल्बम करायचं ठरलं तेव्हा ती भावाला म्हणाली, “याच्यावर नाचता आलं पाहिजे.”

“मी मनातलं लिहितो, ताई. मनातल्यावर कोण नाचतं?”

“मी नाचते. दर रविवारी.”

दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी प्लंबर कुणाच्या तरी मोरीत घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. रेकॉर्डिंग पंधरा दिवसांवर आलेलं. ताई तडक डीजेकडे गेली आणि त्याचं ड्रम मशीन काखोटीला मारून घेऊन आली.

पंचाईत अशी की भावाला दुःखाची ओळ आली की रेंगाळायची सवय. प्लंबर बिचारा समजून थांबायचा. मशीन थांबेना. भाऊ ‘तुझ्याविना’च्या ‘वि’वर असायचा तोवर मशीन पुढच्या कडव्यात पोचलेलं.

“याला काही भावना आहेत की नाही?” भाऊ वैतागला.

“नाहीत,” ताई म्हणाली. “म्हणून तर ते वेळेवर येतं.”

प्लास्टर बांधलेला प्लंबर स्टुलावर बसून चांगल्या हातानं खंजिरी वाजवत होता. तो इतका हसला की त्याचाच ताल चुकला.

हळूहळू भाऊ गिटारवर आखूड, तुटक फटके मारू लागला. ते ठोक्यांच्या मधल्या फटीत नेमके बसले. आठवड्यानं तो पुटपुटला, “मशीनचा आवाज जरा वाढव.” ताईनं ऐकू न आल्याचं सोंग केलं आणि त्याला ते दोनदा म्हणायला लावलं.

अल्बम निघाला. नऊ गाणी, एकातून दुसरं उमलणारं. पण रेकॉर्डच्या दुकानदाराला तो कुठल्या फळीवर ठेवावा तेच कळेना. गिटारवाले म्हणायचे, धडधड फार. नाचणारे म्हणायचे, शब्द फार. महिनाभर तो काउंटरजवळ छत्र्यांच्या शेजारी धूळ खात पडला.

मग एका रविवारी डीजेनं तो हॉलवर लावला. भाऊ हाताची घडी घालून भिंतीशी उभा. पहिल्या गाण्याला निम्मे लोक पाणी प्यायला गेले. दुसऱ्याला परत आले. चौथं गाणं सोडून गेलेल्या मुलीवर लिहिलेलं, भावाचं सगळ्यात दुःखी गाणं. त्यावर अख्खा हॉल नाचू लागला. ध्रुवपदाचे शब्द सोपे होते, ते लोकांनी दुसऱ्या फेरीतच उचलले.

भाऊ बाहेर निघून गेला. ताई मागोमाग धावली.

“राग आला?”

“नाही गं.” त्यानं नाक पुसलं. “मला वाटायचं, हे माझं एकट्याचंच आहे.”

ताईनं त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि दंडाला धरून त्याला आत नेलं. त्या दुपारी तो नाचला. वाईट नाचला, पण शेवटपर्यंत.

पुढच्याच आठवड्यात हॉलवरचे लोक रेकॉर्डच्या दुकानात अल्बम मागत आले. दुकानदारानं वाद मिटवून तो दोन्ही फळ्यांवर ठेवला, आणि वर्षाच्या आत अल्बम पुन्हा छापावा लागला.

प्लंबरचं मनगट आता बरं आहे, पण मशीन काही परत गेलं नाही. दोघंही एकाच वेळी वाजवतात. कसं काय जमतं म्हणून मी त्याला विचारलं, तर म्हणाला, “एका घरात दोन जावा नांदतात ना, तसंच. ती मशीनबाई कामाला वाघ आहे, पण गप्पा माझ्याच चांगल्या.”